आधी कोंबड्या मोजायला लावणाऱ्या काकाजींना

काकाजी, सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी मी नुसती सुरुवात केली, तर तुम्ही उठून गाईला पाणी दाखवायला गेलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. नात वाचून दाखवील, तेव्हा गोठ्यात पळू नका.

गेल्या साली पोळ्याच्या आधी मी वरोऱ्याला तुमच्याकडे आलो, तेव्हा पिशवीत एक कोटेशन होतं. अंडी ठेवायचे कागदी ट्रे तासाला ४,००० काढणारी यंत्रांची लाइन. चकचकीत कागद, शेवटच्या पानावर नफ्याचा तक्ता. बँकेत जाण्याआधी कोणीतरी जाणत्यानं एकदा नजर टाकावी, एवढंच मनात होतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात तुमचं आयुष्य पल्पावर, म्हणजे कागदाच्या लगद्यावर, गेलं, हे गावात सगळ्यांना माहीत. मला वाटलं, तुम्ही मशीनबद्दल बोलाल.

तुम्ही कोटेशन पालथं घातलं आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं हिशोब मांडला. तासाला ४,०००, दिवसाचे वीस तास, म्हणजे ८०,००० ट्रे. एका ट्रेत ३० अंडी. म्हणजे रोजची २४ लाख अंडी. शंभर पक्ष्यांमागे ८५ अंडी धरली तर कोंबड्या लागतात २८ लाख. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "जिल्ह्यात माणसंच २२ लाख हायत बापू, तेही २०११च्या जनगणनेत. तू कोंबड्या आणतं कुठून? पयले कोंबड्या मोज. मशीन मंग."

राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस फोनही केला नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत पेट्रोल टाकलं आणि निघालो. हिंगणघाट, वणी, भद्रावती, समुद्रपूर; सत्तर किलोमीटरच्या आत जिथं जिथं लेअर फार्म, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्म, आहे असं कळलं तिथं गेलो. काहींनी गेटवरच पाय औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले, काहींनी आत घेतलंच नाही, आणि ते बरोबरच होतं. दीड महिन्यात माझ्या वहीत तीन लाखांच्या जवळपास पक्षी जमले. त्यांची अंडी दिवसाला अडीच लाखांच्या वर, म्हणजे साडेआठ हजार ट्रे. त्यातही काही फार्म प्लास्टिकच्या ट्रेवर गेलेले, काहींकडे व्यापाऱ्याचे जुने ट्रे परत येतात. जुना कागदी ट्रे एका फार्मवरचा रोग दुसऱ्या फार्मवर नेतो हे सगळ्यांना कळतं, पण पैसे वाचतात ना. एकूण माझ्या वाट्याला येण्यासारखे रोजचे चार हजार ट्रे. ८०,००० कुठे आणि चार हजार कुठे! तासाला १,०००ची लाइन एका पाळीत चालवली, अडलं-पडलं धरून दिवसाला सहा हजार काढले, तरी पुरून उरतं. श्रावणात आणि नवरात्रात अंड्याची मागणी पडते तेव्हा तर माल शेडमध्येच थप्पी लावून ठेवायचा.

वही दाखवली तेव्हा तुम्ही शाबासकी दिली नाही. काकूंना हाक मारलीत आणि पिठाची चाळणी मागितलीत.

तो दिवस मी विसरणार नाही. प्लास्टिकच्या बादलीत रद्दी वर्तमानपत्रं रात्रीच भिजत घातलेली. तुम्ही ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून ते फिरवलंत, मधेच थांबून मुठीत लगदा घेऊन पिळलात आणि बोटांनी फाकवून उजेडात धरलात. "ह्या गुठळ्या दिसतात का? ह्या ट्रेत भोकं पाडतात." मग त्यात पुठ्ठा फाडून टाकलात. नुसत्या वर्तमानपत्राचा तंतू आखूड, ट्रे वाळल्यावर कोपऱ्यात तुटतो. पुठ्ठ्याचा तंतू लांब, तो धरून ठेवतो. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी मात्र एकेक करून माझ्याकडून काढून घेतलीत, कारण ती जाळीत जाऊन बसते. शंभर लिटरला चार किलो कागद, हे ढवळताना. मोल्डवर, म्हणजे ट्रेच्या जाळीदार साच्यावर, जाताना तेच पातळ करून एक किलोवर आणायचं. हे आकडे मी कोटेशनमध्येही वाचले होते, पण ते कळले बादलीत हात घातल्यावर.

चाळणीवर लगदा पसरला, पाणी निथळलं, आणि साधारण ट्रेएवढा तुकडा तुम्ही शेजारच्या किराणा दुकानात वजनाला नेलात. २३० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी ऊन खाऊन वाळला, परत वजन केलं: ७० ग्रॅम. दुकानदार हसत होता. तुम्ही माझ्या हातात तो वाळका तुकडा ठेवलात आणि म्हणालात, "हे एकशे साठ ग्राम पाणी कोण वाळवनार? तुहा बाप?"

माझं उत्तर तयार होतं: ऊन. विदर्भात उन्हाला काय तोटा? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. खळ्यावर ट्रे पसरायचे, खर्च शून्य. तुम्ही विचारलंत, जून ते सप्टेंबर काय करशील? आणि पसरायला जागा किती लागेल? फूट-फूटभर लांबीरुंदीचा ट्रे, मधून चालायला वाट, दहा हजार ट्रे पसरायचे तर दहा गुंठ्यांच्या वर. वादळ-वावधान आलं की पळापळ. शिवाय उन्हात वाळलेला ट्रे वाकडा होतो. सात ट्रे एकावर एक बसले तर २१० अंड्यांची पेटी होते, वाकडा ट्रे त्या थप्पीत नीट बसतच नाही. तेव्हा ड्रायर हा वरखर्च नाही, लाइनचा अर्धा जीव तिथं आहे, हे मला कळलं. माझ्या त्या चकचकीत कोटेशनमध्ये ड्रायर धरलेलाच नव्हता. बारीक अक्षरात 'ग्राहकाच्या बाजूने' असं लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं.

इंधनाचं मात्र माझं डोकं चाललं, एवढं श्रेय घेऊ द्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. हजार ट्रे वाळवायला १६० लिटर पाणी उडवायचं. ड्रायरची उष्णता निम्मी वाया जाते असं धरलं तर पन्नास-साठ किलो पऱ्हाटी. दिवसाला सहा हजार ट्रेंना साडेतीन क्विंटल. आपल्या शिवारात कापूस निघाल्यावर ती बांधावर रचून ठेवतात आणि गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पऱ्हाटी शेतात ठेवू नका. मी ती कुट्टी करून विकत घेतो म्हटलं तर तीन गावचे शेतकरी आताच तयार आहेत. पावसाच्या आत वर्षाचा साठा पत्र्याखाली यायला हवा, ही तुमची अट मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. तुराटीही चालेल, पण तुराटी बायका चुलीसाठी सोडत नाहीत.

पाण्याची मला सगळ्यात जास्त भीती होती, उगीच. मोल्डमधून ओढलेलं पाणी परत टाकीतच येतं, खरं जातं ते फक्त ड्रायरमधून उडतं तेवढं. दिवसाला एक हजार लिटरच्या आसपास. ग्रामसभेत हाच हिशोब मांडला आणि विरोध तिथंच विरला. फक्त दोन दिवस बंद राहिलं की तेच पाणी कुजून वास मारतं, हे तुम्ही आधी सांगितलं नसतं तर शेजाऱ्यांनी मला हाकललं असतं. विजेचंही तसंच. शेतीच्या फिडरवरची आठ तासांची वीज इथं कामाची नाही, म्हणून औद्योगिक जोडणीचा अर्ज केला. मोल्डमधून पाणी ओढणारा व्हॅक्यूम पंप सगळ्यात जास्त वीज खातो. आणि ऐन वेळी लाइट गेली तर टाकीतला लगदा तळाशी बसतो, म्हणून ढवळणीपुरता जनरेटर. पंप जुना घे, असं तुम्ही म्हणाला होतात. तेवढं ऐकलं नाही, नवा घेतला. तुमचा तो राग अजून उतरलेला नाही, मला माहीत आहे.

कर्ज पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेतून झालं. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान. ते लगेच हातात येत नाही, तीन वर्षं ठेवीत पडून असतं, तेव्हा त्याच्यावर विसंबून कच्च्या मालाचा पैसा मोजू नकोस, हेही तुमचंच. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यात जास्त वेळ कोणतं पान पाहिलं सांगू? कोंबड्यांचं. फार्मचं गाव, पक्षी, रोजचे ट्रे, कोण किती उधारी ठेवतो. ते पान मी तुमच्या सारखंच पेन्सिलीनं लिहिलं होतं, घाईत टाइप करायचं राहून गेलं.

आता शेड उभी आहे, मोल्ड आले आहेत, चिमणीचं तोंड वाऱ्याच्या कोणत्या अंगाला ठेवायचं यावर गवंडी आणि मी भांडतो आहोत. सोमवारी ड्रायरची पहिली आग पेटवायची आहे. सकाळी सातला गाडी पाठवतो. दमट हवेत गुडघे दुखतात हे कारण चालणार नाही, खुर्ची ठेवली आहे. त्याच गाडीत काकूंसाठी नवी चाळणी ठेवतो. जुनी मी परत देणार नाही.

तुमचा,
बापू