कपडा आतून पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पर्यावरणपूरक कपड्यांविषयी अलीकडे आलेला लेख मी दोनदा वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र त्यात सुचवलेले बहुतेक कपडे बेताच्या मिळकतीच्या वाचकाला परवडणारे नव्हते, आणि लेख संपल्यावर मनात अशी समजूत उरत होती की पृथ्वीची काळजी पैसेवाल्यांनी घ्यावी, इतरांनी मिळेल ते स्वस्त घेऊन अपराधी वाटून घ्यावे. या समजुतीला माझा आक्षेप आहे. गेली काही वर्षे थोड्या रकमेत विचारपूर्वक कपडे घेण्याचा मी प्रयत्न करत आहे, आणि त्यात जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आधी माझी एक चूक सांगते. कृत्रिम धाग्यांचे कपडे धुताना त्यांतून सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर वाहून जातात, हे वाचून मी अस्वस्थ झाले होते. समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक (म्हणजे मोठ्या वस्तूंचे तुकडे होऊन नव्हे, तर सुरुवातीपासूनच बारीक कणांच्या रूपात सुटणाऱ्या) सूक्ष्म प्लॅस्टिकपैकी सुमारे ३५ टक्के अशा कपड्यांच्या धुण्यातून येते, असा अंदाज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०१७ च्या अहवालात आहे. त्या अस्वस्थतेत मी कपाटातले पॉलिएस्टरचे धडधाकट कपडे देऊन टाकले आणि त्यांच्या जागी नवे सुती घेतले. महिन्याचा हिशेब कोलमडलाच, पण पर्यावरणाचेही भले झाले नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे मी वापरात असलेली वस्तू बाहेर काढून नव्या पाण्याचा खर्च ओढवून घेतला होता. जुन्या कपड्यांसाठी लागलेले खनिज तेल आणि वीज तर केव्हाच खर्च झाली होती. ते कपडे आणखी काही वर्षे घातले असते, गरज असेल तेव्हाच आणि थंड पाण्यात धुतले असते, तर पैसे वाचले असते आणि तंतूही कमी सुटले असते.

तेव्हापासून कपडा कशाचा आहे याआधी तो किती वेळा अंगावर चढेल, हा प्रश्न मी विचारते. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले, तर एक कपडा वापरला जाण्याची संख्या बरीच घटली. वापरलेल्या कपड्यांपासून पुन्हा कपडेच बनण्याचे प्रमाण त्या अहवालात १ टक्क्याहूनही कमी दिले आहे, त्यामुळे ‘नंतर पुनर्वापराला जाईल’ या आशेवर खरेदी करण्यात अर्थ नाही. उलट कचरा कमी करण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील रॅप या संस्थेने २०१२ मध्ये मांडलेला हिशेब असा, की कपडा आणखी ९ महिने वापरात राहिला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचरा यांचा भार २० ते ३० टक्क्यांनी हलका होतो. दुप्पट किमतीचा सदरा चौपट वेळा घातला गेला, तर प्रत्येक वापरामागे तो निम्म्या किमतीत पडतो. एकदाच घालून पडून राहिलेला स्वस्त सदरा सर्वांत महाग ठरतो.

मात्र महाग म्हणजे टिकाऊ, असेही नाही. ‘पर्यावरणस्नेही’ अशी हिरवी चिठ्ठी लावलेला एक सदरा मी बरीच बचत करून घेतला होता. तिसऱ्या धुण्यात त्याची काखेतली शिवण उसवली आणि विक्रेत्याने उत्तरसुद्धा दिले नाही. त्यानंतर मी कपडा घेण्यापूर्वी उलटा करून पाहायला शिकले. शिवणीत माया (टाक्यांबाहेर सोडलेले जास्तीचे कापड) किती सोडली आहे, टाके बारीक आणि सारख्या अंतराने आहेत का, खिशाच्या कोपऱ्यांवर आणि काजांवर पक्के टाके घातले आहेत का, हे दोन मिनिटांत दिसते. माया भरपूर असेल तर अंग भरल्यावर कपडा सैल करता येतो. ती कापून वाचवलेली असेल तर शिंप्याचाही नाइलाज होतो. कापड उजेडासमोर धरावे, हलके ताणून सोडावे. विरळ विणीचे कापड लगेच ओळखू येते. हे ज्ञान फुकट आहे, आणि कमी पैशांत खरेदी करणाऱ्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे.

वापरलेले कपडे घेण्याबाबत अनेकांना संकोच वाटतो, मला तो मुळीच वाटत नाही. अनेक धुण्यांतून गेलेला कपडा आटायचा तेवढा आटलेला आणि विटायचा तेवढा विटलेला असतो, म्हणजे त्याची परीक्षा आधीच झालेली असते. पाहायचे ते काख, कॉलरची घडी, मांड्यांमधला भाग आणि इलॅस्टिक. सैल पडलेले इलॅस्टिक बदलता येते, झिजलेले कापड नाही. स्वस्त मिळते म्हणून पिशवीभर आणणे मात्र तितकेच घातक.

चिठ्ठ्यांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण त्यांवरून फसगत फार होते. सेंद्रिय कापडासाठी दिल्या जाणाऱ्या गॉट्स या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या ‘ऑरगॅनिक’ चिठ्ठीसाठी किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘सेंद्रिय धाग्यांसह’ अशा चिठ्ठीसाठी किमान ७० टक्के. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० ही दुसरी चिठ्ठी कपड्यातील अपायकारक रसायनांची तपासणी झाल्याचे सांगते. कापूस सेंद्रिय असल्याची ती खूण नव्हे. ‘बांबूचे कापड’ म्हणून विकले जाणारे बहुतेक कापड म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेले व्हिस्कोस असते. नुसते ‘हरित’ किंवा ‘निसर्गस्नेही’ लिहिलेले असेल तर मी त्यासाठी एक पैसाही जास्त देत नाही.

कपडा शिवणाऱ्या हातांचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभार येथे कपडे शिवण्याचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असूनही कामगारांना पुन्हा कामावर बोलावले गेले होते. आपण दिलेल्या जास्त किमतीतून शिवणाऱ्याची मजुरी वाढतेच असेही नाही, आणि एकट्या ग्राहकाला ते तपासण्याचे साधन नाही. निदान घाईने आणि ढिगाने मागणी करणाऱ्यांत आपण नसावे, एवढे मी पाळते. यापुढचे काम कायद्याचे आहे, आणि त्यासाठी वर्तमानपत्रांनी सतत लिहायला हवे.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. पुरवणीत कपड्यांची छायाचित्रे छापताना किमतीसोबत धाग्यांचे प्रमाण आणि धुण्याची पद्धतही छापावी. तसेच खरेदीच्या पानांशेजारी रफू करणे, बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे आणि झिजलेली कॉलर उलटवणे यांवर सचित्र सदर सुरू करावे. हे काम जाणणारे कारागीर लिहिणारे नसतील, तर त्यांच्या शेजारी बसून त्यांचे शब्द टिपून घेणारा वार्ताहर आपल्याकडे नक्की असेल.

कळावे.

आपली,
एक नियमित वाचक