हिल्साच्या पिल्लांना पूर ओसरल्यावरही पाणी हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नर्मदेतला हिल्सा मासा घटल्याची चर्चा दर पावसाळ्यात होते, पण ती अंड्यांवर आलेल्या माशांच्या मासेमारीपुढे जात नाही. मला त्यानंतरच्या महिन्यांकडे लक्ष वेधायचे आहे. खंभातच्या आखातातून पुराच्या पाण्यावर चढून आलेला हिल्सा गोड्या पाण्यात अंडी घालतो. ती साधारण एका दिवसात फुटतात आणि पिल्ले काही महिने नदीतल्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, वाढून, बोटभर ते वीतभर झाली की समुद्राकडे निघतात. त्यांचे जगणे-मरणे ठरते ते पूर ओसरल्यानंतर.

नेमकी त्याच वेळी सरदार सरोवर धरणाखालची नदी रोडावते. तिथून समुद्रापर्यंतच्या सुमारे दीडशे किलोमीटरच्या पात्रासाठी एके काळी ६०० क्युसेक पाणी पुरेसे मानले गेले होते, हे आजही पटत नाही. भरूचला गोल्डन ब्रिजखाली ओहोटीच्या वेळी वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि भरतीबरोबर चढलेल्या खाऱ्या पाण्याला मागे रेटायला वरून प्रवाहच नसतो. ज्या मचूळ पाण्यात पिल्लांनी हळूहळू खारटपणाला सरावायचे, तो टापूच आक्रसतो. उथळ पाण्यात कोंडलेली चंदेरी पिल्ले मग बारीक छिद्रांच्या जाळ्यात सहज सापडतात, आणि दोष एकट्या मच्छीमाराच्या माथी मारला जातो.

गंगेवर १९७५ साली फरक्का बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादच्याही वर जाणारा हिल्सा जवळजवळ दिसेनासा झाला. याउलट अमेरिकेत कोलंबिया नदीवरील धरणांतून हिल्सासारख्याच समुद्रातून नदीत येऊन अंडी घालणाऱ्या सॅमन माशाची पिल्ले उतरण्याच्या हंगामात, वीजनिर्मितीतला तोटा सोसून, मुद्दाम सांडव्यावरून विसर्ग केला जातो.

आता भरूचच्या खाली भाडभूत येथे खारे पाणी अडवण्यासाठी बंधारा होत आहे. तिथे वर चढणाऱ्या माशांच्या वाटेइतकाच खाली उतरणाऱ्या पिल्लांचा विचार व्हायला हवा. त्यासाठी ऑक्टोबर ते मार्च या काळात धरणातून रोज किती पाणी सुटले आणि भरूचला पाण्याचा खारटपणा किती होता, हे आकडे लोकांसमोर यावेत, आणि दरवाजांचे वेळापत्रक ठरवताना भाडभूतच्या मच्छीमारांना विचारले जावे. या नदीच्या काठी नंदुरबार जिल्ह्यातील गावेही बुडाली आहेत. तिच्या पाण्याचा हिशेब मागण्याचा हक्क महाराष्ट्रातील वाचकांनाही आहे.

आपला,
एक वाचक, बडोदे