आयुष्यभराच्या गोळ्या आणि त्या बंद होण्याची आशा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा आणि रोगप्रतिकार सहिष्णुतेचे संशोधन एकत्रितपणे हाती घेण्याबाबत

मा. महोदय,
सविनय नमस्कार.

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना जाहीर झाले, तेव्हापासून प्रत्यारोपण झालेल्या आम्हा रुग्णांमध्ये एकच प्रश्न फिरतो आहे : आता गोळ्या बंद होणार का? शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून पहारा देणाऱ्या नियामक टी-पेशींविषयीचे हे काम आहे, आणि त्याच पेशींच्या मदतीने दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराला कायमचे मानवेल अशी आशा त्या बातम्यांमधून व्यक्त झाली होती. प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘आज तरी नाही’ असे आहे. ते तसे का आहे, आणि मधल्या काळात राज्य शासनाच्या हातात काय आहे, हे आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मला माझ्या मोठ्या बहिणीने मूत्रपिंड दिले आहे. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

बसवलेले मूत्रपिंड शरीर परके म्हणून ओळखते आणि ते नष्ट करू पाहते. ते होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे आम्ही आयुष्यभर घेतो. ही औषधे सगळीच प्रतिकारशक्ती दाबतात. मूत्रपिंडाला वाचवताना ती क्षयरोगाला आणि विषाणूंना दार उघडे करून देतात. टॅक्रोलिमसमुळे हात थरथरतात, काहींना मधुमेह जडतो, आणि ज्या मूत्रपिंडासाठी ते घ्यायचे त्यालाच ते वर्षानुवर्षे थोडी थोडी इजा करत राहते. म्हणून सहिष्णुता, म्हणजे औषधांशिवाय दात्याचा अवयव सुखरूप टिकणे आणि तरीही जंतूंशी लढण्याची ताकद शाबूत राहणे, हे या शाखेचे फार जुने ध्येय आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदरांमध्ये ते साध्य करून दाखवले. जन्माआधीच दुसऱ्या जातकुळीच्या पेशी टोचलेल्या उंदरांनी मोठेपणी त्याच जातकुळीची त्वचा स्वीकारली.

माणसांत हे किती अवघड आहे, ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अनुभवावरून कळते. तेथील डॉक्टरांनी एचएलए (आपले-परके ओळखण्यासाठी पेशींवर असलेल्या खुणा) पूर्ण न जुळणाऱ्या दात्याचे मूत्रपिंड आणि त्याच दात्याची अस्थिमज्जा एकाच वेळी पाच रुग्णांना दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चौघांची औषधे पूर्ण बंद करता आली, मात्र एकाचे मूत्रपिंड गेले. पुढच्या वर्षांत त्या चौघांपैकीही काहींना औषधे पुन्हा सुरू करावी लागली. अशा उपचारांआधी शरीराची जुनी प्रतिकारव्यवस्था औषधांनी आणि किरणांनी खिळखिळी करावी लागते, आणि दात्याच्या पेशींनीच रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा जीवघेणा धोका असतो. एचएलए पूर्ण जुळणाऱ्या भावंडांमध्ये यश अधिक मिळाले आहे, पण असे भावंड प्रत्येकाच्या नशिबी नसते.

काही मोजक्या रुग्णांच्या शरीरात सहिष्णुता आपोआपही निर्माण होते. यांतील बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या कारणाने गोळ्या सोडल्या होत्या आणि तरीही त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील द्रव्य) स्थिर राहिले. युरोप आणि अमेरिकेतील गटांनी अशा रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास करून २०१० मध्ये दाखवले की त्यांच्यात बी-पेशींशी, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींशी, संबंधित एक विशिष्ट ठसा दिसतो. मात्र त्या प्रत्येकामागे गोळ्या सोडून मूत्रपिंड गमावलेले कितीतरी रुग्ण असतात, आणि त्यांची बातमी होत नाही. त्यामुळे शासनाच्या कोणत्याही जनजागृतीत ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका’ हे वाक्य ठळक असावे, अशी माझी विनंती आहे.

हे संशोधन परदेशातच चालते असे आपल्या विभागातील कोणाला वाटत असेल, तर आपण शेजारी पाहावे. अहमदाबादच्या मूत्रपिंड संशोधन संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्याच्या अस्थिमज्जेतील व मेदातील पेशी रुग्णाला देऊन औषधे कमीत कमी ठेवण्याचे प्रयोग दीर्घकाळ केले आणि ते प्रसिद्धही केले. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले. त्यांच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद असतील, पण शासनाच्या आधारावर चालणारी संस्था हा प्रश्न हाती घेऊ शकते, हे त्यातून नक्की दिसले. शिवाय आपल्याकडे बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांकडून येतात, त्यातही आई, पत्नी आणि बहिणींकडून. अस्थिमज्जेवर आधारलेल्या उपचारांची तयारी शस्त्रक्रियेआधी करायची असेल, तर दाता आधीच ठरलेला असणे ही मोठी सोय आहे, आणि ती आपल्याकडे आहे.

आपल्याकडे कमी आहे तो शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये साडेचार लाख रुपये करण्यात आली, याबद्दल शासनाचे मनापासून आभार. पण रुग्ण घरी गेल्यावर त्याचा खरा जमाखर्च सुरू होतो. टॅक्रोलिमस हे असे औषध आहे की रक्तातील त्याची पातळी थोडी घटली तर रिजेक्शन, म्हणजे शरीराने मूत्रपिंड नाकारणे, आणि थोडी वाढली तर मूत्रपिंडाला विषबाधा. म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन ती पातळी वेळोवेळी मोजावी लागते. कंपनी बदलली तरी पातळी हलू शकते, त्यामुळे ‘हे नाही, ते घ्या, एकच आहे’ असे औषधाच्या दुकानात ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो. जिल्हा रुग्णालयात क्रिएटिनिन होते. टॅक्रोलिमसच्या पातळीची तपासणी मात्र तालुक्यातल्या रुग्णाला बहुधा खासगी प्रयोगशाळेतच करावी लागते, आणि पैसे नसले की ती पुढे ढकलली जाते.

आपल्याच विभागाचे एक उदाहरण देतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाला क्षयरोग होणे आपल्या देशात मुळीच दुर्मीळ नाही. त्याच्यावरील मुख्य औषध रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसचा शरीरातून इतक्या वेगाने निचरा करते की तोच डोस चालू ठेवला तर काही दिवसांत रक्तातील पातळी कोसळते. क्षयरोगाचे औषध शासन मोफत देते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते सुरू झाल्यावर टॅक्रोलिमसची पातळी कोणी मोजायची, हे कोणाचेच काम नाही. एका कार्यक्रमाने रुग्णाचा क्षयरोग बरा करावा आणि त्याच काळात त्याच्या बहिणीने दिलेले मूत्रपिंड निकामी व्हावे, हे थांबवण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेतलेले पूर्ण रक्त थंड ठेवले तर या तपासणीसाठी काही दिवस टिकते. जिल्हा रुग्णालयात नमुना घेऊन तो जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणे, एवढ्यावर हे भागते.

अमेरिकेने हा धडा उशिरा घेतला. तेथील मेडिकेअर ही सरकारी विमा योजना ६५ वर्षांखालील बहुतेक प्रत्यारोपित रुग्णांना ३६ महिन्यांनंतर या गोळ्यांसाठी पैसे देत नसे, मात्र गोळ्यांअभावी मूत्रपिंड गेले की त्यांच्या डायलिसिसचा खर्च उचलत असे. २०२० मध्ये कायदा करून, दुसरा विमा नसलेल्यांसाठी १ जानेवारी २०२३ पासून ही मर्यादा काढण्यात आली. आपणही मोफत डायलिसिस देतोच, म्हणजे गोळ्यांअभावी मूत्रपिंड गेले तर तो खर्च आपल्यावरही येतो.

आता संशोधनाकडे. कोणत्या रुग्णाच्या गोळ्या सुरक्षितपणे कमी करता येतील, हे कळण्यासाठी हजारो रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंद लागते : औषधांचे डोस, रक्तातील पातळी, रिजेक्शनचे प्रसंग, दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि संमतीने जपून ठेवलेले रक्ताचे नमुने. २०११ च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपण कायद्यात दाते आणि प्राप्तकर्ते यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहेच. आमची पातळी जिल्ह्यात मोजली गेली आणि ती एका ठिकाणी नोंदली गेली, तर रुग्णाचे आजचे मूत्रपिंड वाचवणारी व्यवस्था आणि उद्याच्या संशोधनाचा पाया या दोन गोष्टी एकाच खर्चात उभ्या राहतात. मुंबईत केईएम रुग्णालयात प्रादेशिक व राज्य अवयव प्रत्यारोपण संस्था आहे. हे काम तिच्याकडे सोपवता येईल. अडचण अशी की ते रुग्णालय महापालिकेचे, वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या विभागाची आणि जिल्हा रुग्णालये आपली. रुग्ण एकच असतो.

या आशेवर धंदा करणाऱ्यांकडेही लक्ष असावे. ‘स्टेम सेलने (मूळपेशींनी) मूत्रपिंड बरे’ अशा जाहिराती आमच्यापर्यंत पोहोचतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य झालेले मोजके आजार वगळता असे उपचार केवळ रीतसर मंजूर चाचणीतच देता येतात, तेही रुग्णाकडून पैसे न घेता. जिल्हा शल्यचिकित्सकांना याबाबत कारवाईच्या स्पष्ट सूचना द्याव्यात.

क्षयरोगाचे औषध सुरू असलेल्या प्रत्यारोपित रुग्णांपासून टॅक्रोलिमस तपासणीची सुरुवात करावी, कारण त्यांची संख्या आटोक्यातली आहे आणि धोका सर्वांत मोठा. या कामासाठी तिन्ही यंत्रणांच्या वतीने उत्तर देईल असा एक अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला एक नागरिक