पांढऱ्या माशीविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पांढरी माशी आली आहे तर दोन-तीन औषधे एकत्र करून एकदाच जोरदार फवारणी करा, असे तू परवा फोनवर म्हणालास. घाईत उत्तर द्यावेसे वाटले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या हिशेबाने ही माशी मीच पोसली आहे. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा लेप असल्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे फवारणीची गरज नव्हती. तरीही शेजारच्या वावरात पंप सुरू झालेले पाहून मी पंचविसाव्या दिवशीच सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचे मिश्रण मारले. मावा आणि तुडतुडे गेले, परंतु त्यांच्याबरोबर ढालकिडे, क्रायसोपा या मित्रकिडीच्या अळ्या आणि कोळी हेही गेले, जे पांढऱ्या माशीची पिल्ले खाऊन तिला आटोक्यात ठेवत होते. ही पिल्ले पानाखाली चिकटून बसतात, फवारा तिथे नीट पोचत नाही, आणि साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी उभी राहते. तिला खाणारे मात्र इतक्या लवकर परतत नाहीत. आज पाने चिकट होऊन त्यांवर काळी बुरशी धरली आहे ती यामुळे.

दुसरी गोष्ट आपल्या नाल्याची. फवारणीनंतर पंप तिथेच धुतला गेला आणि दुसऱ्या दिवशी मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. सायपरमेथ्रिन मासोळ्यांना अगदी अल्प प्रमाणातही मारक असते, हे मला ठाऊक असायला हवे होते. बैल त्याच नाल्यावर पाणी पितात. पुढे तूर फुलावर येईल तेव्हा मधमाश्यांचाही प्रश्न आहेच.

2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. त्यानंतर मास्क आणि हातमोजे यांचीच चर्चा अधिक झाली. ते आवश्यकच आहेत, पण नाल्याला मास्क कोण बांधणार? आणि त्याच हंगामात एवढ्या फवारण्या होऊनही गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्लाच, कारण अळी एकदा बोंडात शिरली की बाहेरचे विष तिला लागत नाही.

तेव्हा मिश्रण मी करणार नाही. तुझ्या आईने वेचून वाळवलेली निंबोळी आहे. पाच किलो कुटून रात्रभर भिजवून शंभर लिटर पाण्यात अर्क करू, तो पानाच्या खालच्या बाजूने मारू आणि पिवळे चिकट सापळे लावू. बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावले आहेत. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तरच पुढचा विचार. थोडे उत्पन्न कमी येईल, याची मला कल्पना आहे.

पोळ्याला येशील तेव्हा कामगंध सापळ्यांसाठी गंधाच्या नवीन गोळ्या घेऊन ये. जुन्यांचा वास उतरला आहे.

तुझे,
बाबा