नदीची पातळी इंचात कळते, मग गटाराची फाईल का दिसत नाही?

संपादक महोदय,
नमस्कार.

पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात माणूस उठल्या उठल्या चहाच्या आधी मोबाईल बघतो, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला किती फूट किती इंच. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. राधानगरी धरणाचे सातपैकी किती दरवाजे उघडले, किती क्युसेक सुटलं, सगळं घरबसल्या कळतं आणि 'तुम्हाला कशाला पाहिजे ओ?' असं कुणी विचारत नाही. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या पाहुण्यांनी त्या आकड्यांकडं बघूनच रात्रीत तांदळाची पोती माडीवर चढवली.

मग आमच्या गल्लीतल्या गटाराचं काय घोडं मारलंय?

गटार गेल्या उन्हाळ्यात झालं. पहिल्या वळवालाच पाणी दारात. कार्यालयाचं नाव घेत नाही, कुठंही गेलं तरी हाच अनुभव येतो. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, रागाच्या भरात दोन पानं लिहिली, गटार, रस्ता, दिव्याचे खांब सगळं एकातच. अर्ज परत. आपल्या महाराष्ट्रात 2012 पासून नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. चूक माझीच, पण नियम सांगायला त्यांनी मुदत संपत आल्यावर बरोबर एकोणतिसावा दिवस गाठला याचं मात्र कौतुक वाटलं.

नंतर एका मित्रानं सांगितलं की अर्जाच्या भानगडीत पडूच नको, 2018 चा शासन निर्णय आहे, जिल्ह्यातल्या ऑफिसात आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 फाईल बघायला मिळते. म्हटलं बघूया तरी. पहिल्या सोमवारी साहेब व्हिजिटला. दुसऱ्या सोमवारी कपाटाची चावी रजेवर, म्हणजे चावीवाले रजेवर. तिसऱ्या सोमवारी एका मावशींनी लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा आणून टेबलावर आपटला, धुळीनं मी आणि क्लार्क दोघं शिंकलो आणि तिथनं पुढं तो माणूस जरा मोकळा बोलायला लागला.

एमबी उघडली, म्हणजे मोजमाप पुस्तक, ज्याच्यावर बिल निघतं ते. त्यात गटार दोन्ही बाजूला, 62 मीटर आणि 62 मीटर. आमच्या गल्लीत गटार एकाच बाजूला आहे हो! दुसऱ्या बाजूला तुळशीच्या कुंड्या आणि एक बंद पडलेली लुना आहे. क्लार्कला म्हटलं चला दाखवतो, तर तो म्हणाला, काका, मी फक्त फाईल सांभाळतो.

बिल कुणी खाल्लं की नजरचुकीनं लिहिलं, मला माहीत नाही आणि आरोपही करायचा नाही. पण हेच पान काम चालू असताना गल्लीच्या तोंडाला चिकटवलं असतं तर आमच्यातल्या चौथीतल्या पोरीनं सुद्धा चूक काढली असती. आणि ही काय माझी आयडिया नव्हे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 च आहे, ऑफिसांनी आपणहून इतकी माहिती जाहीर करायची की लोकांवर अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. वीस वर्षं झाली, आपण अजून अर्जच लिहितोय.

अधिकारी म्हणतात की माहिती अधिकाराच्या नावावर काहीजण दुकान चालवतात, ठेकेदाराला दम देऊन पैसे उकळतात. खरं आहे, असले दोन-चार नग आमच्या पेठेतबी आहेत. पण फाईल कुलपात असते म्हणूनच त्यांचं दुकान चालतं की. एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एमबी, बिल सगळं वेबसाईटवर टाका, कोण कुणाला दम देतोय बघूया. सातबाऱ्याचं बघा ना, आमचे चुलते उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं हेलपाटे घालायचे, आता पंधरा रुपयात डिजिटल सहीचा उतारा पोरगं मोबाईलवर काढून देतंय.

उलट आता नवीनच ऐकायला मिळालं. ठेकेदाराचं नाव लिहून घेत होतो तर 'ती व्यक्तिगत माहिती आहे'. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहितीबद्दलचं कलम 8(1)(जे) बदललंय, त्यामुळं व्यक्तिगत म्हटलं की नाही म्हणायला सोपं झालंय, ही काळजीची गोष्ट आहेच. पण जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं सांगणारं 8(2) अजून जागेवर आहे. आणि आमच्या पट्टीच्या पैशातनं बिल घेणाऱ्याचं नाव व्यक्तिगत कसलं? त्याच्या घरात कोण आजारी आहे हे मी विचारलेलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच की आपल्या पेपरात रोज नदीच्या पातळीची चौकट येते तशी आठवड्यातनं एकदा आपल्या शहरातल्या चालू कामांचीही चौकट द्या, काम कुठलं, किती लाखाचं, लांबी किती, ठेकेदार कोण, खराब झालं तर किती वर्षं त्यानंच दुरुस्त करायचं. मोजायला टेप आमच्याकडं आहे.

येत्या सोमवारी मी परत जाणार आहे, 3 वाजता, शेजारचे दोघं बरोबर येतायत. फाईल बघायला पहिला तास फुकट असतो.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर