पेशींना खालची बाजू देणारे सच्छिद्र पटल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण विचारले होते की, पेशी साध्या प्लॅस्टिकच्या डिशमध्येही वाढतात, तर आम्ही त्यांच्यासाठी बारीक छिद्रांच्या पटलाचा खटाटोप कशासाठी करतो. माझ्या साऱ्या कामाचे मर्म याच प्रश्नात असल्यामुळे सविस्तर लिहिते.

आतडे, मूत्रपिंडातील नलिका, श्वासनलिका यांच्या आतल्या अंगाला पेशींचा जो अखंड थर असतो, त्याला अभिस्तर म्हणतात. त्यातील पेशीची वरची बाजू पोकळीकडे, म्हणजे अन्नरसाकडे, मूत्राकडे किंवा हवेकडे असते. खालची बाजू आधारपटलावर, म्हणजे प्रथिनांच्या एका पातळ पडद्यावर, टेकलेली असते आणि रक्तातले पोषण तिला तिथूनच मिळते. शेजारशेजारच्या पेशी वरच्या कडेला घट्ट जोडांनी बांधलेल्या असल्यामुळे या दोन बाजूंची सरमिसळ होत नाही. सोडियम बाहेर टाकणारे पंप आणि वाढीचे संदेश झेलणारे अनेक ग्राही सहसा खालच्या व कडेच्या अंगालाच असतात.

हीच पेशी प्लॅस्टिकवर ठेवली की तिची खालची बाजू झाकली जाते आणि पोषक द्रव फक्त वरून मिळतो. थर विरळ असतो तोवर द्रव फटींतून खाली झिरपतो. पण थर भरून येऊन घट्ट जोड जुळले की तीही वाट बंद होते. म्हणजे पेशी जसजशी नीट घडू लागते, तसतसे तिच्या खालच्या अंगाला पोषण मिळेनासे होते. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ साली कॉकर स्पॅनिएल कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एमडीसीके पेशींमध्ये याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. प्लॅस्टिकवर त्यांचा थर भरला की ठिकठिकाणी घुमट उठतात आणि ते पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचा फोकस वर न्यावा लागतो. पेशी क्षार आणि पाणी वरून खाली ओढत राहतात, त्या पाण्याला जायला जागा नसते, आणि साठलेला द्रव थरालाच उचलून धरतो. याच पेशी सच्छिद्र फिल्टरवर वाढवून त्यांचा थर द्रव एकाच दिशेने वाहून नेतो, हे मिसफेल्ड, हामामोटो आणि पिटेल्का यांनी १९७६ मध्ये दाखवले. माझ्या मते या विषयाचा खरा पाया तोच आहे.

आम्ही वापरतो ते पटल पॉलिकार्बोनेटचे किंवा पॉलिएस्टरचे, सुमारे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असते. पटल तळाशी असलेला छोटा पेला प्लेटमधल्या मोठ्या खळग्यात टांगला की वर आणि खाली असे द्रवाचे दोन वेगळे कप्पे तयार होतात. छिद्रांचा आकार विचार करूनच निवडावा लागतो. ०.४ मायक्रॉनच्या छिद्रातून पोषकद्रव्ये सहज जातात, पण पेशी जात नाहीत. ३ मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या छिद्रांतून काही पेशी पलीकडे उतरून खालच्या अंगालाही वाढू लागतात, आणि मग कोणती बाजू वरची हा प्रश्नच बिघडतो.

खालून पोषण मिळू लागले की पेशी अधिक उंच होतात, त्यांच्या माथ्यावर सूक्ष्मांकुर, म्हणजे बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे, दाट येतात आणि प्रथिने आपापल्या बाजूला नीट वाटली जातात. मानवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळालेल्या कॅको-२ पेशी पटलावर सुमारे २१ दिवसांत लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात, म्हणून औषध आतड्यातून किती शोषले जाईल याचा अंदाज त्यांच्यावरून घेतात. श्वासनलिकेच्या पेशींची गोष्ट तर मला सर्वांत विलक्षण वाटते. थर भरल्यावर त्यांच्यावरचा द्रव पूर्णपणे काढून घेतात. पोषण खालून चालू राहते आणि वर नुसती हवा असते. काही आठवड्यांत त्याच थरावर हलणाऱ्या पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, येतात आणि श्लेष्मा पाझरू लागतो. प्लॅस्टिकच्या तळावर हे करताच येत नाही, कारण वरचा द्रव काढला की पेशी मरतात.

थर किती घट्ट झाला हे आम्ही विद्युतरोधावरून ताडतो. दोन टोकांच्या इलेक्ट्रोडचे एक टोक वरच्या कप्प्यात आणि दुसरे खालच्या कप्प्यात, पटलाला धक्का न लावता, बुडवायचे. आलेल्या आकड्यातून रिकाम्या पटलाचा रोध वजा करायचा आणि उरलेल्याला क्षेत्रफळाने गुणायचे. तापमान बदलले की रोधही बदलतो, म्हणून इन्क्युबेटरमधून काढलेली प्लेट स्थिर तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते. ही घाई टाळणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढचे सारे निष्कर्ष त्या आकड्यावर उभे असतात.

अर्थात हे पटल म्हणजे शरीरातले आधारपटल नव्हे. खरे आधारपटल याहून कितीतरी पातळ आणि मऊ असते, आणि त्यातली प्रथिने पेशींना स्वतः संदेश देतात. म्हणून पटलावर आधी कोलॅजेन या प्रथिनाचा लेप देतात. तरीही त्याचा कडकपणा राहतोच. सध्या मी लेप दिलेल्या आणि न दिलेल्या पटलांवर एकाच वेळी पेशी वाढवून त्यांच्या रोधाची तुलना करत आहे. आकडे हाती आले की आपणांस कळवीन.

आईस नमस्कार सांगावा. कळावे,

आपली,
थोरली