सही कोणाची?

संपादक महोदय,

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्हा समलिंगींवरची, आमचे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची टांगती तलवार काढली, तेव्हा मी साठी ओलांडली होती. आता प्रश्न वेगळाच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर ‘नातेवाईक’ म्हणून सही कोणाची? भाचा परदेशात; त्याला कळवायचे तरी काय! दांडिया बाजारातले आम्ही चौघे समलिंगी म्हातारे रविवारी कमाटीबागेत भेटतो. गुडघे, पेन्शन, गेलेले जोडीदार (ज्यांच्या तेराव्याला ‘मित्र’ म्हणून मागे बसलो) सगळे बोलून होते. एकमेकांच्या घरांच्या किल्ल्याही ठेवल्या आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांना नॉमिनी नेमण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. बँकेत ते आम्हालाच समजावावे लागले. बडोद्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आठवड्यातून तासभर एक खोली द्यावी. चहा आम्ही आणू.

– एक वाचक, बडोदा